भांडी घासण्याच्या लिक्विडमधील डायॉक्सेनची तपासणी कोणी करायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंबाजोगाई तालुक्यातील एका गावात आमचा महिला बचत गट भांडी घासण्याचे लिक्विड, पांढरे फिनाईल आणि कपडे धुण्याची पावडर तयार करून आसपासच्या आठवडी बाजारांत विकतो. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हापासून गटाचे वजनमाप आणि बॅचची नोंदवही माझ्याकडे आहे. यंदा महालक्ष्म्यांच्या आधी मागणी वाढली, म्हणून लिक्विडला फेस आणणाऱ्या एसएलईएस या पेस्टचे दोन कॅन आम्ही जादा घेतले आणि या वेळी प्रथमच दुकानदाराकडे त्या मालाचे तपासणी प्रमाणपत्र मागितले. तीन दिवसांनी एक झेरॉक्स मिळाली. तिच्यावर सक्रिय घटक ७० टक्के, सामू, रंग आणि मिठाचे प्रमाण एवढे होते. मला हवा असलेला आकडा, म्हणजे १,४-डायॉक्सेनचा, त्यावर नव्हता. दुकानदार सरळ माणूस आहे. मोठ्या ड्रममधून माल कॅनमध्ये भरताना ड्रमवरचा बॅच क्रमांक मागेच राहतो, आणि हा आकडा आजवर एकाही गिऱ्हाइकाने मागितलेला नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. कारखान्यातून निघालेला ड्रम आमच्या गटाच्या खोलीपर्यंत येतो त्या साऱ्या वाटेवर हा आकडा तपासण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, ही माझी तक्रार आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

आधी हा पदार्थ कोणता ते सांगते, कारण नावसाधर्म्यामुळे बरेच जण त्याला डायॉक्सिन समजतात. डायॉक्सिन वेगळे आणि डायॉक्सेन वेगळे. १,४-डायॉक्सेन हा पाण्यासारखा दिसणारा, पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळणारा द्रव आहे. उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे यकृताच्या आणि नाकाच्या गाठी झाल्याचे दिसले, आणि त्या आधारे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २-ब या गटात, म्हणजे माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले आहे. लिक्विडमध्ये तो मुद्दाम कोणी घालत नाही. तो घटक नसून अशुद्धी आहे, त्यामुळे बाटलीवर घटकांची यादी अगदी प्रामाणिकपणे छापली तरी तिच्यात त्याचे नाव येणार नाही.

तो येतो कोठून, हे पाहिले की उपायही तेथेच सापडतो. एसएलईएस, म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट, करताना खोबरेल किंवा पामगाभ्याच्या तेलापासून काढलेल्या लॉरिल अल्कोहोलला इथिलीन ऑक्साइड जोडतात. रेणूच्या साखळीला ही जोड दिल्यामुळे फेस चांगला येतो आणि हाताची आग होत नाही. नंतर त्यावर सल्फर ट्रायऑक्साइडची क्रिया करतात आणि कॉस्टिक सोड्याने आम्ल मारतात. मधल्या आम्लधर्मी टप्प्यात इथिलीन ऑक्साइडचे दोन दुवे साखळीतून सुटतात, एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे कडे तयार होते, आणि हेच कडे म्हणजे डायॉक्सेन. सल्फर ट्रायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त सोडला, तापमान चढले किंवा आम्ल मारायला उशीर झाला, तर ते वाढते. क्रिया नीट सांभाळली आणि तयार पेस्टमधून निर्वाताखाली वाफेबरोबर ते ओढून घेतले, तर पुष्कळच कमी होते. म्हणजे ही अशुद्धी अटळ नाही. ती किती राहू द्यायची हे कारखान्यातच ठरते, आणि काही उत्पादक आपल्या प्रमाणपत्रावर डायॉक्सेनचा आकडा देतातही.

एका अक्षराचा फरक येथे फार महत्त्वाचा आहे. सोडियम लॉरिल सल्फेटमध्ये इथिलीन ऑक्साइड वापरलेलाच नसतो, म्हणून त्यात डायॉक्सेन तयार होत नाही, लॉरेथमध्ये होतो. धुण्याच्या पावडरीसाठी आम्ही जी ॲसिड स्लरी, म्हणजे मळ काढणारे मूळ द्रव्य, घेतो तिचाही इथिलीन ऑक्साइडशी संबंध नाही, त्यामुळे या एका बाबतीत आमच्या पावडरीबद्दल मी निश्चिंत आहे. मग लिक्विडही स्लरीचेच का करीत नाही, असे मला गटात विचारले गेले. आम्ही एक बॅच तशी करून पाहिली. दिवसातून चार वेळा भांडी घासणाऱ्या बायकांचे हात आठवड्यात कोरडे पडून चरचरू लागले. एसएलईएस सौम्य आहे म्हणून तर तो वापरात आला; त्याला हद्दपार करा असे माझे म्हणणे नाही.

आता मराठवाड्याकडे येते. परदेशातल्या प्रयोगशाळेतला प्रश्न आपल्या मोरीपर्यंत कशाला आणता, असे कोणी विचारील. तर तो मोरीपासूनच सुरू होतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गावोगाव शोषखड्डे झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने गटारे बुजवून घराघराचे सांडपाणी शोषखड्ड्यात जिरवले, डास हटवले, आणि तो नमुना पुढे नांदेड पॅटर्न म्हणून गाजला. हे काम फार मोलाचे आहे आणि ते थांबावे असे मला स्वप्नातही वाटत नाही. शोषखड्ड्यातील दगडगोट्यांवर आणि भोवतालच्या मातीत जिवाणू वाढतात. साबण, चरबी आणि स्लरीचा अंश ते हवेच्या साहाय्याने बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. डायॉक्सेन मात्र मातीच्या कणांना चिकटत नाही, जिवाणूंना सहजासहजी पचत नाही आणि पाण्याबरोबर खाली उतरतो. आपला खडक काळा बेसाल्ट. पाणी मुरते ते वरच्या मुरमाच्या थरातून आणि खडकाच्या भेगांतून, आणि त्याच थरांतून विहिरीला आणि हातपंपाला पाझर फुटतो. ज्या अंगणात शोषखड्डा त्याच अंगणाच्या कडेला बोअर, असे चित्र मी अनेक वस्त्यांवर पाहिले आहे.

पाणी उकळून घेतले तर, असाही प्रश्न आला. डायॉक्सेनचा उत्कलनबिंदू १०१ अंश सेल्सिअस, म्हणजे पाण्याला जवळजवळ चिकटूनच आहे. उकळण्याने तो वेगळा निघत नाही. तुरटी, क्लोरीन आणि वाळूची गाळणी यांनी तो हटत नाही आणि साध्या कोळशाच्या गाळणीवरही तो फारसा धरला जात नाही. पाण्यात एकदा उतरला की काढणे अवघड आणि खर्चाचे आहे. पेस्टमधून काढणे त्यामानाने सोपे आहे.

प्रमाणाचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण भीती पसरवण्यासाठी हे पत्र नाही. समजा, पेस्टमध्ये डायॉक्सेन दर दहा लाख भागांत ५० भाग आहे. लिक्विडमध्ये आम्ही पेस्ट १५ टक्के घालतो, म्हणजे बाटलीत तो साडेसात भाग होईल. एका वेळच्या भांड्यांना ५ मिलिलिटर लिक्विड लागले तर त्यात सुमारे ३७ मायक्रोग्रॅम डायॉक्सेन असेल, आणि ते १० लिटर पाण्यात गेले तर दर लिटरला पावणेचार मायक्रोग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले मार्गदर्शक मूल्य दर लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे घासलेल्या ताटात जेवून कोणी आजारी पडेल असे मुळीच नाही, आणि ताट दोन पाण्यांनी विसळले की उरलेला अंशही जातो. माझी काळजी ताटाची नसून जमिनीची आहे, कारण हेच पाणी रोज, प्रत्येक घरातून, वर्षानुवर्षे एकाच भेगाळ खडकात सोडले जाते आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा त्याला पातळ करणारे दुसरे पाणी नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले, तो दिवस इथल्या कोणी विसरलेले नाही. ज्या भागाला पाण्याचा दुसरा आधार नाही त्याने आपले भूजल इतरांपेक्षा जास्त जपले पाहिजे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने हा विषय हातात घेतला तोही भूजलामुळेच. तेथील लाँग आयलंड या बेटाची पिण्याच्या पाण्याची सारी भिस्त जमिनीखालच्या पाण्यावर आहे आणि त्या पाण्यात डायॉक्सेन आढळला. २०२० मध्ये त्या राज्याने पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, घरगुती स्वच्छतेच्या उत्पादनांसाठी कायदा केला होता: ३१ डिसेंबर २०२२ पासून दर दहा लाख भागांत २ भाग आणि ३१ डिसेंबर २०२३ पासून १ भाग. काही उत्पादकांना मुदतवाढीच्या सवलती द्याव्या लागल्या, पण बाजाराची दिशा ठरून गेली. माझ्या वरच्या उदाहरणातली साडेसात भागांची बाटली तेथे विकता येणार नाही.

आपल्याकडे काय आहे? अंघोळीचा साबण आणि शाम्पू सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत येतात. भांड्यांचे लिक्विड त्यांत येत नाही. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, महिना-वर्ष हे सारे छापावे लागते आणि आमचा गटही ते छापतो, पण अशुद्धीचा आकडा छापण्याची तरतूद त्यांत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, डिटर्जंटच्या अंशाला मर्यादा आहे. डायॉक्सेनचे नाव नाही. म्हणजे बाटलीतही शोधायचा नाही आणि विहिरीतही शोधायचा नाही. आणि तरीही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला वस्तूचा दर्जा, प्रमाण, शक्ती, शुद्धता, मानक आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क दिलेला आहे. त्या वाक्यातला शुद्धता हा शब्द मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवत असे. तो हक्क बजावायचा कसा, हे त्यांना सांगण्याची सोय माझ्याकडे नव्हती.

ड्रममध्ये काय आहे हे न पाहता माल पुढे सरकला की काय होते, याचा महाराष्ट्राला फार कडू अनुभव आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले, कारण त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. त्याची चौकशी न्या. लेंटिन आयोगाने केली. डायॉक्सेनचा धोका त्या जातीचा नाही. तेथे विष काही दिवसांत जीव घेते, येथे परिणाम झालाच तर तो दीर्घकाळाने होईल आणि कोणत्या बाटलीमुळे झाला हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही. नेमक्या याच कारणासाठी तो आधी मोजायला हवा. २०२० मध्ये सॅनिटायझरची मागणी एकाएकी वाढली तेव्हा मेथॅनॉल आढळलेल्या सॅनिटायझरची यादी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नावांसह जाहीर केली होती. नावे छापली गेली की पुरवठादार आपोआप काळजी घेऊ लागतात.

डायॉक्सेनपुरताच हा विषय संपत नाही. फेस दाट व्हावा म्हणून लिक्विडमध्ये घालतात ते सीडीईए, म्हणजे खोबरेल तेल आणि डायइथॅनॉलअमाइन यांच्यापासून केलेले द्रव्य, तेही कर्करोग संशोधन संस्थेच्या २-ब गटात आहे. त्यात सुटे राहिलेले डायइथॅनॉलअमाइन नायट्राइटच्या संपर्कात आले तर नायट्रोसमाइन हे कर्करोगाचा संशय असलेले द्रव्य तयार होते. आम्हाला मिळालेल्या एका प्रशिक्षणाच्या कागदावर लिक्विड टिकावे म्हणून फॉर्मेलिनचे थेंब घालण्याची सूचना होती. फॉर्मेलिनमधले फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोगकारक ठरलेल्या पहिल्या गटात आहे. ती ओळ मी खोडली. ज्या गटात रसायनशास्त्र शिकलेले कोणी नाही, तेथे ती कोण खोडणार? संडासासाठी शीतपेयाच्या जुन्या बाटल्यांतून विकले जाणारे पिवळे ॲसिड हा तर स्वतंत्र पत्राचा विषय आहे. त्याचा पिवळा रंग बहुधा त्यात विरघळलेल्या लोखंडाचा असतो, आणि दुसऱ्या कारखान्याचे उपउत्पादन म्हणून आलेल्या अशा ॲसिडात लोखंडाखेरीज आणखी काय आहे ते कोणी तपासलेले नसते.

तपासणी मुळात अशक्य आहे असे नाही. फेसाळ लिक्विड थेट यंत्रात सोडता येत नाही, म्हणून ते बंद कुपीत तापवून वर जमलेली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये घेतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरने रेणू ओळखतात. हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेला डायॉक्सेन मोजून आधीच त्यात घातलेला असतो. तो सख्ख्या भावासारखा वागतो, त्यामुळे मूळ डायॉक्सेन नेमका किती हे तुलनेने कळते. पद्धत रुळलेली आहे. अडचण पैशाची आहे. एका खासगी प्रयोगशाळेला मी फोन करून शुल्क विचारले, तर एका नमुन्याचे शुल्क आमच्या दोन बॅचच्या नफ्याहून जास्त निघाले. ही तपासणी उद्या सरकारने प्रत्येक गटावर बंधनकारक केली, तर आठही जिल्ह्यांतले गट महिन्याभरात बंद पडतील आणि बाजारात फक्त मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या उरतील. कृपा करून तसे करू नका. गटाच्या बायका पाणी, पेस्ट, मीठ, रंग आणि वास एकत्र ढवळतात. त्या ढवळण्यात डायॉक्सेन तयार होत नाही. तो ड्रममध्ये आधीच असतो. एसएलईएस बनवणारे कारखाने मोजके आहेत आणि ते विकत घेणारे हजारो. म्हणून प्रत्येक बॅचची तपासणी उत्पादकाने करावी, आकडा ड्रमवर छापावा, आणि माल कॅनमध्ये सुटा करणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने तो आकडा आणि बॅच क्रमांक कॅनवर उतरवून देणे बंधनकारक असावे.

हा कायदा दिल्लीत होईल तेव्हा होईल. तोवर जिल्ह्यातही काही करता येण्यासारखे आहे. अंगणवाड्या, जिल्हा परिषदेच्या शाळा, उपजिल्हा रुग्णालये आणि वसतिगृहे यांच्यासाठी फिनाईल आणि लिक्विडची खरेदी दरवर्षी होते, आणि तिच्यात सर्वांत कमी दर जिंकतो. या निविदांत डायॉक्सेनच्या आकड्यासह बॅचचे प्रमाणपत्र जोडण्याची एक अट घातली, तर पुरवठादार ते कारखान्याकडून आणतील; आमच्यासारख्या शंभर छोट्या गिऱ्हाइकांच्या मागणीने जे होणार नाही ते एका निविदेने होईल. उमेद अभियानातील गटांसाठी जिल्हा पातळीवर पेस्टची एकत्रित खरेदी झाली, तर प्रमाणपत्राची मागणी करण्याइतके आमचे वजनही वाढेल. अन्न व औषध प्रशासन किंवा भारतीय मानक ब्युरो यांनी वर्षातून दोनदा बाजारातून नमुने उचलून निकाल वृत्तपत्रांत द्यावेत. जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून आहे. तेल आणि साबणाच्या तंत्रज्ञानात या संस्थेचा जुना अभ्यास आहे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांत रसायनशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधतात. शोषखड्ड्यापासून वेगवेगळ्या अंतरावरच्या बोअरचे पाणी, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, याहून गरजेचा विषय त्यांना कोणता मिळेल?

दुकानदाराने आता पुढच्या ड्रमचा बॅच क्रमांक लिहून देण्याचे कबूल केले आहे आणि डायॉक्सेनच्या आकड्यासाठी त्यांनी स्वतःच वरच्या व्यापाऱ्याला विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही. यंदाच्या महालक्ष्म्यांपासून प्रत्येक बॅचच्या तीन बाटल्या आम्ही सीलबंद करून, तारीख घालून, गटाच्या कपाटात ठेवतो. मराठवाड्यातील कोणतीही सरकारी प्रयोगशाळा किंवा महाविद्यालय त्या तपासायला तयार असेल, तर गटातील बायका त्या स्वतः एसटीने आणून देतील, आणि निकाल आमच्या विरुद्ध गेला तरी तो आपल्या वृत्तपत्रात छापायला आमची हरकत नाही.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड